माशांवरचं छप्पर

“टेबल जरा पुढं घ्या, भाऊ,” नवाब म्हणाला. “बिजागऱ्या मागनं बसवायच्यात.”

कुंडलिकनं टेबलाला हात घातला. फिशटँकमधलं अर्धं पाणी त्यानं सकाळीच बादल्यांनी उपसलं होतं, म्हणून टेबल हललं तरी. शेजारच्या नवाब सुतारानं केलेलं सागवानी छप्पर टँकवर नुसतं टेकवलेलं होतं. कडेला बारीक नक्षी, आतून ट्यूबसाठी खाच, नवे मासे आणले की त्यांना खाणं टाकायला पुढं इवलंसं दार. एवढं भांडण झाल्यावर शेजाऱ्यासाठी इतकं मन लावून कोण काम करतं? पण नवाबनं केलं होतं. त्याच्या मांजरीनं कुंडलिकचे मासे खाल्ले होते ना.

टँक दिवाळीत पुण्याहून माशांसकट आणलेला. घराच्या ईशान्येला पाणी ठेवा, भरभराट होते, असं बाजारात कुणीतरी सांगितलं होतं आणि असली गोष्ट कुंडलिकला दोनदा सांगावी लागत नाही. दुकानदारानं सोबत काचेचं झाकण दिलं होतं. ते खेडच्या घाटात जीपच्या दणक्यानं फुटलं. झाकण काय, धुळीसाठी असतं, असं म्हणून कुंडलिकनं तो विषय सोडून दिला. मग नारायणगावात आल्यावर महिन्याभरात चारही चंदेरी मासे एकेक करून नाहीसे झाले. ना काटा सापडला, ना खवला. शिवाय खोलीत घाण वास यायला लागला. मांजर घाण करून जातंय, असं बायको भागू म्हणाली आणि कुंडलिकला तेवढा पुरावा पुरला.

मांजर शेजारची. नवाबच्या बायकोची, जन्नतबीची. त्या घरात पोरबाळ नव्हतं, जे काय लाड व्हायचे ते या बिजलीचे. ती फक्त जन्नतबीच्या हातात यायची. दुसऱ्या कुणी हात पुढं केला की फिस्कारून थेट पत्र्यावर. कुंडलिक गल्लीत उभा राहून चार माणसं जमेपर्यंत बोलला. आपलं मांजर ज्यांना पोसता येत नाही त्यांनी ते पाळूच नये, इथपर्यंत बोलला. जन्नतबी दारातून शपथा घेत होती. नवाबनं तिला आत पाठवलं आणि कुंडलिकसमोर मान खाली घालून हात जोडले. दुसऱ्याच दिवशी बिजलीला पोत्यात घालून तो मीना नदीपलीकडं सोडून आला. पाणी ओलांडलं की मांजराला घरची वाट सापडत नाही म्हणतात. बिजलीलाही सापडली नाही. कुणाच्या हाती न लागणारं ते जनावर नवाबनं धरलं कसं, याचं कुंडलिकला तेव्हा जरा नवल वाटलं होतं. मग तो ते विसरून गेला.

टेबल हातभर पुढं आलं. मागं, भिंतीच्या कोपऱ्यात, ते पडलेले होते. चारही. सुकटासारखे वाळून गेलेले.

दुकानदाराचं बोलणं आत्ता कुठं कुंडलिकला आठवलं. हे मासे उड्या मारतात, झाकण काढू नका, असं तो जीपपर्यंत येऊन सांगत होता. कुंडलिकनं ते ऐकलं होतं. ऐकून सोडून दिलं होतं.

नवाब स्क्रू शोधत खाली बसला होता. त्यानं मान वर करायच्या आत कुंडलिक कोपऱ्यात सरकला आणि माशांवर उभा राहिला. अनवाणी. पायाखाली बारीक कुरकुर झाली.

नवाब दुसऱ्या बाजूनं टेबलामागं शिरला आणि काम करता करता बोलत राहिला. मुकं जनावर असलं तरी खाल्लं ते खाल्लंच, म्हणाला. तोंड दाखवायला जागा नव्हती, आता हे बसलं की जिवाला बरं वाटेल. जन्नतबी अजून नीट बोलत नाही, संध्याकाळी दुधाची वाटी तेवढी भरून ठेवते, होईल हळूहळू. कुंडलिक नुसता हूं हूं करत होता. एवढा स्क्रू झाला की सांगू, असं त्यानं ठरवलं. स्क्रू झाला. पुढचाही झाला. गल्लीत माणसं जमवताना त्याची जीभ काय चालली होती, आणि आता खोलीत एकट्या माणसापुढं ती टाळूला चिकटून बसली. त्याला स्वतःची शिसारी आली.

छप्पर बसलं. नवाबनं दार उघडून मिटून पाहिलं आणि केरसुणी घेतली. काम झालं की भुसा आपणच भरून न्यायचा, ही त्याच्या बापापासूनची रीत.

“पाय उचला, भाऊ.”

राहू द्या, भागू झाडेल, असं कुंडलिक म्हणाला. नवाब ऐकेना. तो वाकला, केरसुणी कुंडलिकच्या अंगठ्याला टेकली. कुंडलिकला खाली त्याची मान दिसली. गल्लीत हात जोडताना ती अशीच वाकली होती. ते त्याला बघवेना. तो बाजूला झाला.

“नवाबभाई, तुमच्या बिजलीनं काय बी खाल्लं न्हाई,” तो म्हणाला. “माझी चूक व्हती. मी गल्लीत सगळ्यांम्होरं सांगतो.”

नवाबनं ते वाळके मासे एकेक करून तळहातावर घेतले. मग तो तिथंच भिंतीला टेकून बसला. भिंतीपलीकडं जन्नतबी भांडी घासत होती.

“गल्लीत नका सांगू, भाऊ,” नवाब हळूच म्हणाला. “तिच्या कानावर जाईल. ती लई सांगत व्हती, मीच ऐकलं न्हाई. आन् बिजली माझ्या हाती लागंना. पोत्यात तिच्याच हातानं घालाय लावली मी.”