पाचवा आक्षेप

बेचाळिसाव्या पानावर चूक नव्हती. प्राध्यापकांनी ते पान तिसऱ्यांदा वाचलं, तरी नव्हती. अशा वेळी माणसाला आनंद व्हावा. त्यांनी ते चौथ्यांदा वाचायला घेतलं.

लेख दोन अनंतांबद्दल होता. गणितात अनंतंही लहानमोठी असतात. तिथेही मानपान आहे. पहिल्या अनंताची हकिकत अशी: संचांचा एक गोतावळा घ्या. त्यातल्या कुठल्याही चार-पाच जणांत अनंत गोष्टी सामाईक निघतात, पण सगळ्यांशी जमवून घेईल असा एकही संच सापडत नाही. असा गोतावळा कमीत कमी केवढा असावा लागतो? दुसऱ्या अनंताचा प्रश्न तोच, फक्त तिथे मंडळी एकाच्या पोटात दुसरा अशी उतरंडीने बसवलेली. पहिलं अनंत दुसऱ्याहून मोठं नाही, हे सगळ्यांना ठाऊक होतं. दोन्ही सारखीच आहेत का, हे कुणालाच ठाऊक नव्हतं. सगळे म्हणजे जगात साधारण अकरा जण.

प्राध्यापकांनी या प्रश्नावर सव्वीस वर्षं घातली होती. आता ते निवृत्त होते, घरात एकटे होते, आणि कुणा परक्या शहरातल्या गृहस्थाने ही दोन्ही अनंतं सारखीच असल्याचं सिद्ध केलं होतं. नियतकालिकाने लेख तपासायला त्यांच्याकडे पाठवला. परीक्षकाचं नाव लेखकाला कळू द्यायचं नाही, असा तिथला रिवाज. आक्षेप आणि उत्तरं संपादिकाबाईंमार्फत जात-येत.

पहिला आक्षेप खरा होता. दुसरा अर्धा खरा होता. तिसरा आणि चौथा, खरं सांगायचं तर, शुद्ध रिकामटेकडेपणा होता. पण दर वेळी एकोणीस-वीस पानी उत्तर येई. "आपला आक्षेप वाचून दोन दिवस दुसरं काही सुचलं नाही. फार मजा आली. इथे हे सांगणार कुणाला?" असं त्यात एकदा होतं. प्राध्यापकांना एरवी येणारा मजकूर विजेच्या बिलाचा. मुलगी रविवारी फोन करी. "बाबा, जेवलात ना? गोळ्या घेतल्यात ना?" दोन्हींचं उत्तर 'हो' असे. मग ती फोन ठेवी.

पाचवा आक्षेप काही केल्या सापडेना. तेवढ्यात संपादिकाबाईंचा फोन आला. त्या त्यांच्याच जुन्या विद्यार्थिनी.

"सर, दोन वर्षं झाली. त्या माणसाची बढती या लेखावर अडलीय. आणि स्पष्टच बोलते, राग मानू नका. तुमचा प्रश्न दुसऱ्यानं सोडवला म्हणून तुम्ही खो घालून बसलात, असं लोक म्हणतात."

"लोक म्हणजे?"

"उरलेले नऊ."

प्राध्यापकांनी त्याच दुपारी लिहून पाठवलं: 'सिद्धता पूर्ण आहे. छापावी.' मग टेबल आवरलं. टेबल बरंच मोठं निघालं. दुसऱ्या दिवशी त्यांनी विजेचं बिल दोनदा तपासलं. त्यातही चूक नव्हती.

दहा दिवसांनी बाईंचा पुन्हा फोन.

"सर, माझ्या उभ्या नोकरीत असं झालं नाही! लेख स्वीकारल्याचं कळवलं, तर लेखकच म्हणतो, थांबा. पंचेचाळिसाव्या पानावर चूक आहे, ती परीक्षकांच्या नजरेतून सुटलीय, लेख पुन्हा त्यांनाच दाखवा. बढती काय, होईल पुढंमागं, म्हणतो. डोक्यावर पडलाय का हो तो?"

प्राध्यापकांनी कपाटातून लेख काढला. पंचेचाळिसावं पान शेवटचं. त्यावर गणित नव्हतंच. एकच ओळ होती: 'अनाम परीक्षकांचे मनापासून आभार. त्यांच्याशी चाललेला संवाद इथे संपतो.'

"सर? आहे का चूक?"

"आहे," प्राध्यापक चष्मा पुसत म्हणाले. "भयंकर आहे. निस्तरायला वर्ष तरी लागेल."