सात मिनिटं पुढे

श्रीपाद जाऊन वर्ष झालं, तरी त्याचा जुना टॅब्लेट मी जपला होता. पण तो सुरू व्हायलाच दहा मिनिटं घ्यायचा. शेवटी व्हिडिओ बघबघून मी त्यावर लिनक्स ही हलकी, फुकट मिळणारी प्रणाली टाकायला शिकले.

‘सगळं पुसलं जाईल’ अशी सूचना आली, तेव्हा बोट अडलं. फोटो काढून घेतले होते, तरी त्याचं असं त्यात काहीच उरणार नव्हतं. दाबलं.

तासाभरात टॅब्लेट नव्यासारखा पळायला लागला. फक्त घड्याळ सात मिनिटं पुढे.

आमच्या तळेगावच्या घरातली सगळी घड्याळं सात मिनिटं पुढेच असायची. नवलाख उंबऱ्याला जाणारी कंपनीची बस चुकू नये, म्हणून श्रीपादनं लावलेली शिस्त. तो गेल्यावर मी ती एकेक करून बरोबर केली होती.

“आई, ते नेटवरून वेळ घेतं, चुकणारच नाही,” माझी लेक अपूर्वा फोनवर म्हणाली. “परत इन्स्टॉल कर.”

“केलं की, दोनदा.”

“मग?”

“मग काय! तुझे बाबा माझं कधी ऐकायचे?”

त्यानंतर मी हात लावला नाही. सगळं पुसूनही एवढं राहिलं, म्हणून मनातल्या मनात आभारच मानले. रोज चहा ठेवताना बघायचे आणि बरं वाटायचं.

दोघांनी मिळून कुठे जायचं असलं, की मात्र श्रीपाद घड्याळ गुपचूप वीस मिनिटं पुढे करायचा. मला साडी नेसायला वेळ लागतो ना.

आज सकाळी चहा ठेवताना बघितलं. टॅब्लेट वीस मिनिटं पुढे आहे.