चार नंबरची बशी

कल्पना करा हं, तुम्ही एक अळंबी आहात. पांढरीशुभ्र, गोल टोपीची, जिवंत. अंधाऱ्या, ओलसर खोलीत फळीवर उभ्या आहात आणि टोपीवर पाण्याचा एक थेंब पडतो. त्या थेंबात कुणीतरी आहे. त्याला दात नाहीत, तोंडही नाही. ते तुम्हाला चिकटतं आणि विष सोडतं. तुमच्या अंगाला बारीक बारीक भोकं पडतात, आतला रस पाझरू लागतो. तो रस हेच त्याचं जेवण. तुम्ही मरायची वाट ते बघत नाही.

"म्हणजे जिवंतपणीच खातं?" भिंगरीने विचारलं.

"जिवंतपणीच," मास्तर म्हणाले. "बुरशीवर जगणारा जिवाणू आहे तो. अळंबी ही बुरशीच की!"

भिंगरीने मास्तरांच्या टेबलावरच्या अळंबीच्या तपकिरी डागाला बोट लावलं. "ईऽऽ, शेंबूड! मास्तर, अळंबीला दुखतं?"

"माहीत नाही. ती ओरडत नाही, एवढंच माहीत आहे."

मास्तर पूर्वी शाळेत शिकवायचे. आता या अळंबीघराची छोटी प्रयोगशाळा सांभाळायचे; अळंब्यांच्या खोल्यांत मात्र जात नसत. भिंगरी ही इथे अळंब्या खुडणाऱ्या बाईची मुलगी. शाळा सुटली की तिन्ही खोल्यांतून गरागरा फिरायची, म्हणून सगळे तिला भिंगरी म्हणत.

पंधरा दिवसांपूर्वी तिसऱ्या खोलीत डाग दिसले. मग दुसऱ्या खोलीत. त्या दिवशी सकाळी पहिल्या खोलीतही.

मालकांनी पाचही बायकांना बाहेर उभं केलं. "हा रोग भिंत चढून आलेला नाही. कुणाच्या तरी हातातून फिरतोय. ज्याच्या हातात सापडेल त्याने आजच्या आज चालतं व्हायचं. राहायला दिलेली मागची खोलीही रिकामी करायची."

भिंगरी आणि आई अशाच एका मागच्या खोलीत राहायच्या. आणि एक गोष्ट फक्त तिलाच ठाऊक होती. दारातल्या बादलीत क्लोरीनचं पाणी असे. आत जाताना त्यात मनगटापर्यंत हात बुडवायचे, असा नियम होता. आईच्या तळहातांना भेगा होत्या. ते पाणी भेगांत शिरलं की आग आग व्हायची. म्हणून आई नुसती बोटांची टोकं ओली करायची आणि आत जायची.

"मालक, तुमचेही हात तपासा हो," एक बाई म्हणाली. "काखेत कळसा नि गावाला वळसा नको." बायका हसल्या. मालक हसले नाहीत, पण तयार झाले.

परीक्षा मास्तरांनी ठरवली. उकळून गार केलेल्या पाण्यात प्रत्येकाने बोटं चोळायची. त्या पाण्याचा थेंब निरोगी अळंबीच्या ताज्या कापांवर टाकायचा. रात्रभर बशी झाकून ठेवायची. थेंबात जिवाणू असला, तर सकाळी कापांना तपकिरी खड्डे पडलेले दिसतील.

"हे काम तू करायचंस," ते भिंगरीला म्हणाले. "बशीवर फक्त नंबर घाल. कुठला नंबर कुणाचा, ते मलाही कळता कामा नये. नाहीतर डोळ्याला हवं तेच दिसतं."

"कागदावर लिहून ठेवू?"

"कागद कुणीही वाचेल. डोक्यात ठेव. तुझं पाठांतर चोख आहे. आणि बघ, आत जाणारा एकही हात सुटता कामा नये."

भिंगरीने दार लावून एकेकाला आत बोलावलं. एकही हात सोडला नाही. सात बश्या झाल्या.

सकाळी मास्तरांनी झाकणं काढली. सहा बश्यांतले काप पांढरे होते. चार नंबरच्या बशीत काप बसले होते, चिकट, तपकिरी, कुणी आतून चोखून घेतल्यासारखे.

"चार नंबर कोण?" मालकांनी विचारलं.

आईने दोन्ही हात पाठीमागे नेले. भिंगरीने आईकडे पाहिलं. मग तिच्या शेजारी उभ्या असलेल्या काकूंकडे. काकू रोज तिची वेणी घालायच्या, डब्यातला अर्धा घास तिच्यासाठी ठेवायच्या.

"काकू," भिंगरी म्हणाली.

"माझा?" काकू हसल्याच आधी. "अगं भिंगरे, नीट आठव ग बाई."

"चार नंबर काकूंचाच."

"मी कोपरापर्यंत हात बुडवते! विचारा की सगळ्यांना! अहो मास्तर, तुम्ही तरी बोला!"

"पोर कशाला खोटं बोलेल?" मास्तर हळूच म्हणाले.

"बशीने सांगितलं, विषय संपला," मालक म्हणाले.

दुपारी काकूंचं सामान हातगाडीवर चढलं. सामानावर पाय मोडलेल्या नवऱ्याला बसवलं. गाडी ढकलताना काकूंनी आईला हाक मारली, "तू तरी सांग ग यांना! रोज माझ्या शेजारी खुडतेस ना?" आईने मान वर केली नाही.

संध्याकाळी आईने खोलीचं दार लावून घेतलं. "खरं सांग. चार नंबर माझा होता ना?"

भिंगरीने मान डोलावली.

आईने तिला छातीशी घट्ट धरलं. "माझ्यासाठी खोटं बोललीस ग! त्या बिचारीचा संसार रस्त्यावर आला, माझ्या पापाने." मग ती उठली आणि अळंबीघराच्या दारातली क्लोरीनच्या पाण्याची बादली घेऊन आली. त्यात दोन्ही हात मनगटापर्यंत घातले. तिचा चेहरा पिळवटला, ओठ दातांखाली गेला. भेगांतून रक्ताचे बारीक धागे पाण्यात सुटले. "आता रोज असेच बुडवणार," ती कण्हत म्हणाली. "मेले तरी चुकणार नाही."

भिंगरी शेजारी बसून बघत राहिली.

आईचा नंबर दोन होता. तिची बशी दुधासारखी पांढरी निघाली होती. चार नंबरसाठी भिंगरीने स्वतःची बोटं चोळली होती.

"आई," ती म्हणाली, "अजून थोडा वेळ ठेव."