दीड मिनिटाची फुगडी

नव्या भुयारी गाडीला इंजिनच नव्हतं. ती एका स्टेशनातून सरळ पाताळात पडायची आणि त्याच जोरावर पुढच्या स्टेशनात वर यायची. मधलं दीड मिनिट कुणालाच काडीचं वजन नसे. शहरातली माणसं पट्टे बांधून पेंगत. कऱ्हाडहून लग्नाला आलेल्या सुमित्रावहिनी आणि त्यांच्या नणंद गोदाक्का मात्र पट्टा बांधायचं विसरल्या आणि गुडघे चोळता चोळताच हवेत उचलल्या गेल्या.

"वन्सं, दुखतंय का?"

"छे गं! गुडघे आहेत की नाहीत तेच कळेना."

"मग आज निकाल लावू. माझ्या मंगळागौरीला फुगडीत आधी हात तुम्हीच सोडलात."

"मी? चाळीस वर्षं धडधडीत खोटं बोलतेस, वहिनी!"

चारही हात एकमेकांत अडकले. समोरच्या टाय लावलेल्या गृहस्थांनी पायाने हलकेच ढकललं, तशा दोघी गरगर फिरू लागल्या. पाय टेकायचे नाहीत, मग दमणार कशा? अख्खा डबा जागा होऊन टाळ्या पिटू लागला.

स्टेशन आलं, वजन परतलं आणि दोघी त्या गृहस्थांच्या मांडीवर अलगद उतरल्या.

"सोड आता, लग्न गाठायचंय."

"आधी तुम्ही सोडा."

हात तसेच ठेवून त्या खेकड्यासारख्या सरकत्या जिन्याने वर गेल्या. एकेकालाच सोडणारं बाहेरचं दार जरा घुटमळलं आणि दोघींना एकच बाई समजून उघडलं.

पंगतीत नवरीने जिलबीचा पहिला घास नवऱ्याला नाही, या दोघींना भरवला. करणार काय? त्यांचा एकही हात मोकळा नव्हता.