चरावरचा बर्फ

वाहत आलेला हिमखंड तळाला टेकून थांबला तेव्हा पाणबुड्या नेमका त्याच्या खाली होता.

वर बोटीवर त्याची दोरी धरून मेहुणा उभा होता. या धंद्यात दोरी घरच्याच माणसाच्या हातात देतात. परका कंटाळतो म्हणे. मेहुणा काही कंटाळला नव्हता. बर्फ येताना त्याने चांगला पाहिला होता. वर घरातल्या एका खोलीएवढाच दिसतोय, म्हणजे खालीही बेताचाच असणार, असं त्याने मनाशी ठरवलं आणि खाली इशारा द्यायला पाणबुड्याचा फोन उचललाच नाही. शहाण्याने बर्फाचं डोकं पाहून बूड जोखू नये.

तळावर एक जुना चर होता. कधीतरी एक अवाढव्य हिमखंड बूड घासत तिथून गेला आणि चिखल नांगरत छातीएवढा खोल खड्डा पाडून गेला. त्या वाटेने समुद्राखालची केबल पुरायची तर पुढच्या हिमखंडापासून वाचायला ती चराहूनही खोल पुरायला हवी, म्हणून पाणबुड्या मोजमाप घ्यायला चरात उतरला होता. नवा बर्फ त्या चरावर आडवा येऊन टेकला. त्याने ढकलत आणलेला चिखल दोन्ही बाजूंनी चरात कोसळला. हवेची नळी राहील एवढी फट उरली, माणूस निघेल एवढी नाही.

"भावोजी, ऐकू येतंय?" मेहुण्याने फोनवर विचारलं.

"येतंय. पडल्या पडल्या छताला हात लागतोय. घर बरं आहे, खिडकी तेवढी ठेवायची राहिली."

कप्तान बर्फाला दोर बांधून ओढायच्या तयारीत होता. मेहुण्याने तसं खाली सांगितलं.

"ओढू नका. कलला तर नळी चेपेल."

कप्तानाने दोर खाली ठेवला. आता भरतीच बर्फ उचलणार होती, आणि ओहोटी तर अजून चालूच होती. पाणी उतरत होतं तसा बर्फ जड होऊन बसत होता. फोनमधून त्याची करकर ऐकू येत होती.

"माझं चुकलं, भावोजी."

"ते घरी बोलू. तुझ्या ताईसमोर."  मग पाणबुड्याने विचारलं, "पाणी कधी चढेल?"

मेहुण्याने कप्तानाकडे पाहिलं. कप्तानाने तीन बोटं दाखवली: तीन तास.

"तासाभरात," मेहुणा म्हणाला.



"आजचा भरतीचा तक्ता सकाळी मीच लिहिलाय," खालून आवाज आला.

मेहुण्याने दोरी हाताला आणखी एक वेढा देऊन धरली.

"तासाभराने," पाणबुड्या म्हणाला, "पुन्हा असंच सांग."