विहिरीतला हात

दुपारी टीव्हीवर विहिरीतून हात वर आला आणि कुंदाताईंनी दचकायचं सोडून चष्मा पुसला. हात उजवा होता.

साठ वर्षं त्या ‘डावा’ म्हणत आल्या होत्या. भुतांच्या चार गोष्टींचा हा सिनेमा लहानपणी गावच्या जत्रेत, तंबूत लागला होता. “उजवा!” थोरली अक्का ठणकावायची. “तू डोळे मिटून बसली होतीस, कुंदे, तुला काय दिसणार?” लग्न असो की बारसं, दोघी भेटल्या की हा वाद ठरलेला. जावई गालात हसायचे.

मग त्यांना आठवलं. तंबू खच्चून भरला होता. अक्का काकूबरोबर पुढे बायकांत बसली आणि कुंदाताई वडिलांच्या मांडीवर, पडद्यामागे. तिथून सगळा सिनेमा उलटा दिसायचा, उजव्याचा डावा होऊन. म्हणजे दोघींचंही खरंच होतं!

त्यांनी घाईघाईने नागपूरला फोन लावला. भाचीने तो अक्काच्या कानाशी धरला. वर्षभर अक्का कुणाला ओळखत नव्हती. पण भांडण तरी आठवेल, म्हणून कुंदाताईंनी तिला मुद्दाम डिवचलं.

“अक्का, विहिरीतला हात डावाच होता हं!”



“असेल हो बाई,” अक्का अदबीने म्हणाली. “तुम्ही म्हणताय, तर डावाच असेल.”

“नाही गं,” कुंदाताई कशाबशा म्हणाल्या, “उजवाच होता.”