तुडवलेली द्राक्षं

द्राक्षाचा एक मणी चुकून पायाखाली आला, तरी हरणाबाई तो उचलून कपाळाला लावायची. आणि आज तिच्याच बागेत पुण्याहून आलेली मंडळी पँटी गुडघ्यापर्यंत वर करून द्राक्षांनी भरलेल्या टबात थयथया नाचत होती. भूमजवळच्या त्या एवढ्याशा गावात वाइनची सहल आणायची कल्पना तिच्या लेकाची, भागवतची.

हरणाबाईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "भागवत, लाज हाय का काही? अन्न हाय ते!"

"माय, गप बस, पाव्हणे ऐकतील. वाइन अशीच करत्यात. तुडवल्याबिगर रस निघतो व्हय?"

तिनं दातओठ खाल्ले. खळ्यावर मळणीला बैल फिरायचे, तवा जोंधळाबी त्यांच्या पायाखालूनच निघायचा की, असं तिनं मनाला समजावलं.

उन्हं कलली. फोटो काढून झाले आणि पाव्हण्यांची गाडी धुरळा उडवत निघून गेली. भागवतनं टब फरफटत नेला आणि उकिरड्यावर पालथा केला.

"आरं आरं! मग वाइन कशाची करणार?"

"ह्याची? लोकांच्या पायाखालचं कोण पितंय, माय? हे नुसतं फोटोपुरतं."



हरणाबाईनं खाडकन त्याच्या कानाखाली वाजवली. "मुडद्या, बैलांनी तुडवलेलं आमी जन्मभर खाल्लं. ही कसली जनावरं आणली होतीस दारात?"